गाडी बघायला नेलेला गणपती

बॉनेट न उघडता गाडी पसंत करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्या शेजारीच राहत होता. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. कंपनीही एकच. मी मेंटेनन्समध्ये फिटर, तो टाइम ऑफिसात कारकून. पंप, मोटारी आणि गिअरबॉक्स यांत माझी निम्मी हयात गेली. त्याला पाना कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नव्हतं. तरी आसपास कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की माणसं माझ्या फाटकावरून पुढे जाऊन त्याच्या फाटकाची कडी वाजवायची.

हे मी आता हसत सांगतो. तेव्हा हसत नव्हतो.

त्याचं नाव घ्यायचं टाळतो, कारण त्याची माणसं अजून रोह्यात आहेत आणि माझ्या मनातलं सगळं त्यांना कळलंच पाहिजे असं नाही. वरशातली पोरं त्याला गाडीकाका म्हणायची. माझी दोन पोरंही म्हणायची. स्वतःचा बाप दिवसभर यंत्रांशी झुंजून, हात काळे करून घरी यायचा, त्याला कुणी गाडीबाबा म्हटलं नाही.

त्याची पद्धत सांगतो, म्हणजे माझा जळफळाट कशाचा होता ते कळेल. आमच्यासारख्यांनी नवी गाडी घ्यायचा विचारही करायचा नसे. कुणीतरी वापरलेली, दोन-तीन हात फिरलेली गाडी, तीही सोसायटीचं कर्ज काढून, हीच आमची झेप. त्यात फसलं की माणूस पुरता बुडायचा. म्हणून गाडी बघायला जाताना जाणता माणूस सोबत न्यायचा रिवाज होता. आमचा हा जाणता माणूस आधी पेणला जायचा. तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात त्याची ओळख होती. तिथून तो हातभर उंचीची शाडूची कच्ची मूर्ती मागून घ्यायचा. कच्ची म्हणजे वाळलेली, पण रंग न लागलेली आणि डोळे न आखलेली. पेंढा घातलेल्या टोपलीत ती ठेवून स्वारी गाडीच्या मालकाच्या दारात हजर. गाडीभोवती फेरी मारायची नाही, टायरला लाथ मारायची नाही, इंजिनाला कान लावायचा नाही. चहा घ्यायचा आणि म्हणायचं, "चला, एक चक्कर मारून येऊ." गाडी पेणची असली तर रोह्यापर्यंत, रोह्याची असली तर पेणपर्यंत. घेणारा स्टिअरिंगवर, विकणारा मागच्या सीटवर, हा त्याच्या शेजारी, आणि मूर्ती विकणाऱ्याच्या मांडीवर.

लोकांना वाटायचं, ही हादऱ्यांची परीक्षा आहे. मूर्तीचं बोट मोडलं नाही म्हणजे गाडीचे शॉकअप चांगले. मलाही आधी तसंच वाटलं आणि मी त्याला हसलो. म्हटलं, "अरे, आत गणपती आहे म्हटल्यावर चालवणारा बैलगाडीसुद्धा खड्डे चुकवून नेईल. यात गाडीचं काय कळणार?"

"गाडीचं कुठं बघतोय मी?" तो म्हणाला. "गाडी बोलत नाय. बोलतो तो मालक."

खरी गोष्ट अशी होती, की गाडी रस्त्याला लागली की हा खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, एकेक प्रश्न सोडायचा. कुठं ठोकली होती काय? आधी कुणाकडे होती? मग विकताय कशाला? मालकाचे दोन्ही हात मूर्तीला कवटाळण्यात गुंतलेले, हनुवटीखाली मुकुट आलेला. पेणच्या आसपासचा माणूस, लहानपणापासून गणपती डोक्यावरून आणलेला. त्याच्या तोंडून खोटं म्हणून बाहेर पडायचं नाही. जे असेल ते भडाभडा सांगून मोकळा व्हायचा.

"प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, ही नुसती माती आहे," मी एकदा वाद घातला.

"हे तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय, गाडीवाल्याला पण ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू घे मांडीवर आणि खोटं बोलून दाखव."

मी घेतली नाही. मूर्ती डोळे न आखलेलीच का लागते, हेही विचारून झालं होतं. त्यावर म्हणे, "डोळे असले की माणूस नजर चुकवतो. डोळेच नसले की कुठून बघतोय ते कळत नाय."

पेणच्या एका दलालाने मात्र त्याला ओळखलं होतं. मूर्ती पुढे करताच तो म्हणाला, "तुम्हीच धरा, मी पुढं बसतो, मला मागं उलटी होते." त्याबरोबर ह्याने टोपली उचलली आणि चालू लागला. गाडीकडे मान वळवूनही बघितलं नाही. ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चवीने सांगितली जात होती. सांगणारे माझ्याच टेबलावर बसून सांगायचे.

आमच्या सुपरवायझरना गाडी घ्यायची होती तेव्हा, का कोण जाणे, त्यांनी आधी मला नेलं. मी काही कमी ठेवलं नाही. बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन बघितलं, गाडीखाली उताणा पडून एकेक बोल्ट हलवला. मग बाहेर येऊन, हात पुसत, ऐटीत सांगितलं, "घ्या डोळे मिटून." साहेबांच्या बायकोला तेवढ्याने बरं वाटेना. त्यांनी टोपलीवाल्याला बोलावलं. नागोठणं यायच्या आत मागच्या सीटवरचा मालक रडत होता. गाडी कुंडलिकेच्या पुरात अख्खी बुडाली होती. मेकॅनिकने खोलून, वाळवून, पुसून ती उभी केली होती, आणि ती कधी दगा देईल याचा नेम नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे रे, इंजिनापुरतं तुझं बरोबरच होतं." त्या 'असू दे'ने मला आठवडाभर घास गोड लागला नाही.

ह्याने स्वतःची गाडी घेतली ती रोह्यातल्या एका वखारवाल्या चाचांकडून. पांढरी व्हॅन होती. चाचांचे मुलगे कुवेतला, गाडी दाराशी नुसती उभी असायची. मूर्ती मांडीवर द्यायला हा पुढे झाला तेव्हा चाचा म्हणाले, "धरतो की. पण काय विचारायचं ते आत्ताच विचार. मूर्ती हातात आली की माझं सगळं ध्यान तिच्यात राहील, मग जवाब चुकेल." आणि कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, की डाव्या बाजूचं सरकतं दार जरा उचलून ओढावं लागतं आणि सकाळी इंजिन पहिल्या हाकेला ओ देत नाही. पेणपर्यंत ते मूर्ती सांभाळत गेले, एक शब्द बोलले नाहीत. ह्याने पेणलाच व्यवहार पक्का केला.

गाडी चालवायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. आधी केसांवरून कंगवा फिरवायचा. मग चपला काढून सीटखाली ठेवायच्या आणि अनवाणी पायांनी चालवायचं. हॉर्न वाजवणं त्याला उद्धटपणाचं वाटे. पुढे कुणी आडवा आला की खिडकीतून डोकं काढून "ओ दादा, जाऊ का?" असं विचारायचा. आणि निघण्यापूर्वी गाडीतल्या प्रत्येकाला, अगदी कडेवरच्या पोरालासुद्धा, "निघायचं ना?" म्हणून विचारल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. पुढच्या काचेवर नेहमीच्या आरशाखाली त्याने आणखी एक छोटा आरसा बसवला होता. त्यात रस्ता दिसत नसे, मागच्या सीटवरची माणसं दिसत. "माणसं कशी बसलीत ते बघायला नको?" असं त्याचं म्हणणं.

आणि गाडी बंद पडली की? तर खाली उतरून पुलाच्या कठड्यावर बसायचं आणि वाट बघायची. कुणीतरी येईल आणि करील, असा त्याचा विश्वास. हे 'कुणीतरी' म्हणजे मी. सायकलवरून निरोप यायचा आणि मी पिशवीत पाने भरून जायचो. त्या व्हॅनचं इंजिन इतकी वर्षं मी राखलं. तिचा कार्बोरेटर मी साफ केला, तिचा क्लच मी बसवला. लोक म्हणायचे, काकांचा गुण बघा, गाडी कशी लोण्यासारखी चालते.

मी तरी का जायचो? कारण त्या गाडीत माझा बाप बसलेला असायचा.

आमचे बाबा पेणच्या पलीकडे खाडीकाठी राहिलेले. उभा जन्म मिठागरावर गेला. आई गेल्यावर मी त्यांना वरशाला आणलं, पण त्यांचं मन काही तिथून निघालं नाही. आठवड्यातून एकदा बांधावर जाऊन जुन्या सोबत्यांशी बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खाऱ्या पाण्यात उभं राहून गुडघे कामातून गेलेले. एसटीची पायरी चढवत नव्हती, माझ्या स्कूटरवर पाय टाकता येत नव्हता. मग सुट्टीच्या दिवशी शेजारच्या फाटकातून हाक यायची, "बाबा, निघायचं ना?" आणि बाबा, जे माझ्या दोन हाकांनाही ओ देत नसत, काठी टेकत लगबगीने निघायचे. ते उचलून ओढायचं दार त्यांना इतकं सरावाचं झालं होतं, की दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"बाला, हलू चालव," म्हणायचे. "तुज्या गाडीत गुडगं दुकत नाय बग."

बाला, म्हणजे बाळा. माझ्या आठवणीत बाबांनी मला कधी बाला म्हटलेलं नाही. घरात मी थोरला. मला नावाने हाक, तीही काम असलं तर. मी फाटकाशी उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचो.

एकदा पहिल्या शिफ्टला कार्ड पंच करायला टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेलो, तर हा आतून म्हणाला, "काय माणूस हाय रे तुझा बाप! लग्नाच्या सकाळी बांधाला खांड पडली, तर हळदीच्या अंगाने चिखलात उतरला. वरात खोळंबली, आणि नवरदेव बांध बुजवतोय!"

मी म्हटलं, "हो, हो." मागे रांग लागली होती. मी पुढे झालो. मला ती गोष्ट माहीत नव्हती. माझ्या आई-बापाच्या लग्नाची गोष्ट मी खिडकीतून, कार्ड हातात धरून, ह्याच्याकडून ऐकली. त्या दिवशी मी ठरवलं, आता आपली गाडी घ्यायचीच. कशीही, कुठलीही, पण बाबा तिच्यात बसतील आणि मी चालवीन. मग जे काय सांगायचं ते मला सांगतील.

पैसे साठवायला दोन पावसाळे गेले. बायकोने भिशी लावली, मी ओव्हरटाइम धरला. शेवटी जिते गावात एका शाळामास्तरांची व्हॅन विकायची असल्याचं कळलं. मी सुट्टी टाकून, कुणाला न सांगता, एसटीने पेणच्या पुढे जित्याला उतरलो आणि व्हॅन बघून आलो. मास्तरांनी ती जिवापाड जपली होती. मी तिच्यात दोष शोधायचा म्हणून शोधला, सापडला नाही. आणि भाव माझ्या आवाक्यातला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने आधी कौतुक केलं आणि मग जे नको होतं तेच बोलली.

"अहो, भावजींना एकदा घेऊन जा ना."

"मी बघितली आहे गाडी. मी. फिटर आहे मी."

"साहेबांच्या गाडीच्या वेळीही तुम्हीच होता. आपल्याला दुसऱ्यांदा पैसे उभे करता यायचे नाहीत हो."

बाबा पडवीत बसून ऐकत होते. तेही म्हणाले, "व्हय गो, बरोबर बोलतेस. बाला बगल तर बरां हाय."

मी गेलो त्याच्याकडे. कसा गेलो ते माझं मला माहीत. तो आनंदाने आला. मूर्ती आली, मास्तर मागे बसले, मी चालवत होतो. मास्तर सगळ्या प्रश्नांची उत्तरं मुलांना शिकवावं तशी सावकाश, नीट देत होते. भिसे खिंड उतरेपर्यंत माझ्या मनात गाडी आमची झाली होती. बाबा कुठं बसतील ते ठरलं होतं. रोह्याला मास्तरांना चहा पाजला आणि हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "नको घेऊ."

"का?"

"नको. कायतरी लपवतोय तो."

"काय लपवतोय?"

"ते कळलं नाय. पण लपवतोय."

मी भांडलो. घरी येऊन बायकोशीही भांडलो. पण इतक्या लोकांच्या गाड्यांबाबत ज्याचा शब्द खोटा ठरला नव्हता, त्याच्यापुढे माझं कोण ऐकणार? पैसे बँकेत राहिले, आणि मग धाकटीच्या आजारपणात गेले. ती व्हॅन नागोठण्याच्या एका दुकानदाराने घेतली. पुढची कितीतरी वर्षं मी नागोठण्याहून जाताना ती त्याच्या दुकानापुढे दिसायची. धुतलेली, पुसलेली, माल वाहणारी, माणसं वाहणारी. कधी म्हणून बंद पडलेली मी ऐकली नाही. मी बसमधून दुसरीकडे बघायचो.

वर्षं गेली तशी त्याची साखर वाढत गेली. नजरेवर आलं. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद करायला सांगितलं. एका संध्याकाळी तो आमच्या पडवीत आला, चावी जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "तूच घे. दुसऱ्या कुणाला दिली तर ती चालणार नाय. जमेल तसे दे पैसे." बाबा आतून म्हणाले, "घे घे, ईचार काय करतोस?" बायको तर ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसत होती.

मला घ्यायची होतीच. जगात दुसरी कुठली गाडी मला हवी होती असं नाही. पण इतकी वर्षं साठलेलं कुठंतरी जायला हवं होतं. मी म्हटलं, "परीक्षा झाल्याशिवाय मी गाडी घेत नाही. नियम म्हणजे नियम."

तो हसला. त्याला गंमत वाटली. रविवारी आम्ही दोघंच पेणला गेलो, मी चालवत. कारखान्यात त्याच्या ओळखीच्या कारागिराने मूर्ती काढून दिली. डोळे आखायचे बाकी होते. मी मागचं दार उचलून ओढलं, त्याला आत बसवलं आणि मूर्ती त्याच्या मांडीवर दिली. दुसऱ्यांच्या मांडीवर इतक्या वेळा मूर्ती ठेवलेला माणूस, पण स्वतः धरून बसायची त्याच्यावर पहिलीच वेळ असावी. धरली आणि त्याचं हसू गेलं.

वडखळ गेलं तरी मी काही बोललो नाही. त्यालाच राहवेना. "विचार की. काय विचारतोस?"

"इंजिनाचं काय विचारू? ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दाराचंही ठाऊक आहे."

"मग उगाच आणलास मला."

"एकच विचारतो," मी म्हटलं. "जित्याच्या मास्तरांच्या गाडीत काय खोट होती?"

त्या छोट्या आरशात मला तो नीट दिसत होता. त्याने मूर्तीभोवतीचे हात सावरले, खिडकीबाहेर बघितलं, परत मूर्तीकडे बघितलं. नागोठणं आलं आणि गेलं. त्या दुकानासमोर नेमकी ती व्हॅन उभी होती, आणि आम्ही दोघांनीही ती बघितली. मी पुन्हा विचारलं नाही. खिंडीचा चढ लागला तेव्हा तो म्हणाला, "गाडी बाजूला घे."

मी घेतली. इंजिन बंद केलं.

"कायपण खोट नव्हती," तो म्हणाला. "मास्तर एक शब्द खोटं बोलला नाय."

"मग?"

"तुझी गाडी झाली असती तर बाबा माझ्या गाडीत कशाला बसले असते?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी मागे वळलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, मूर्तीच्या कोऱ्या तोंडाकडे बघून बोलत होता.

"मी रांगत होतो तवाच माझा बाप गेला. चेहरा पण आठवत नाय. तो पण मिठागरावरच होता, असं आई सांगायची. बाबा मागं बसून मिठाच्या, बांधाच्या गोष्टी सांगायचे तर वाटायचं, आपल्याच घरातल्या गोष्टी आपल्याला कुणीतरी सांगतंय. तुझ्याकडे तर ते रोज होते. मला आठवड्यातून एक दिवस. तेवढा पण तू नेणार होतास." मूर्ती आणखी जवळ घेत तो म्हणाला, "लय हेवा वाटायचा तुझा."

"माझा?"

"मग काय?"

मला राग यायला हवा होता. आलाही, चांगला सणसणीत आला. माझे दोन पावसाळे, बायकोची भिशी, बसमधून दुसरीकडे बघत काढलेली वर्षं, सगळं एकदम डोक्यात गेलं. ह्या माणसाला इथंच खिंडीत उतरवून द्यावं असं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या रागाच्याही आधी मला आनंद झाला होता. पलीकडच्या फाटकाशी उभं राहून हा माझा हेवा करत होता! जन्मात कुणी माझा हेवा केला नव्हता, आणि केला तो ह्याने. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. वारा दरीतून वर येत होता. मागून तो म्हणाला, "बाबांना सांगू नको."

"नाही सांगणार," मी म्हटलं. मूर्ती माझ्या मांडीवर नव्हती, तेव्हा मला काहीही बोलता आलं असतं. पण आजवर सांगितलेलं नाही.

मूर्ती रोह्याला धड पोचली. एक बोटही मोडलं नाही. मी व्हॅन घेतली.

पुढच्या सुट्टीला मी पहाटे उठून गाडी धुतली. नवा टॉवेल मागच्या सीटवर अंथरला. बाबा धुवट सदरा घालून बाहेर आले, दार स्वतःच उचलून ओढलं आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, डाव्या खिडकीशी बसले. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते समोर होतं. मी चावी लावली. पलीकडच्या फाटकाशी तो उभा होता, काळा चष्मा लावून, हात मागे बांधून, आमच्याकडे बघतोय असं न दाखवता. ते तोंड मी चांगलं ओळखत होतो. कितीतरी वर्षं मीच तसं तोंड करून फाटकाशी उभा राहिलो होतो. मी गिअर टाकला. तोंडात साखर ठेवल्यासारखं वाटत होतं.

"थांब," बाबा मागून म्हणाले. "त्याला नाय घ्यायचा?"

"त्याला कशाला बाबा? आज आपण दोघंच जाऊ."

बाबांनी शेजारच्या सीटवर ठेवलेली काठी उचलून पायाशी घेतली, जागा मोकळी केली आणि वाट बघत बसले. एकदा मिठाच्या बांधावर बसलेला माणूस वाट बघण्यात कुणाला हार जात नाही. मी गिअर काढला. त्याला हाक मारायची गरजच पडली नाही, तो चपला हातात घेऊनच आला.

आणि मग सबंध रस्ता ते दोघं मागे बोलत होते. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, की स्टिअरिंग ज्याच्या हातात त्याला बाबा मिळतात. कसले मिळतात? त्याला खड्डे मिळतात. आधी हा चालवत होता तेव्हा बाबांना निदान मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं बोलावं लागायचं. आता तो अगदी मांडीला मांडी लावून बसला होता. बाबा त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. माझ्यापर्यंत फक्त हसणं येत होतं. त्या छोट्या आरशात बाबांचा चेहरा बरोबर मध्यभागी दिसत होता. आरसा त्याने तसा कशासाठी लावून ठेवला होता ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला हात लावला नाही. उलट दर वळणानंतर त्यात बघत होतो, आणि त्या नादात वडखळच्या अलीकडचा एक मोठा खड्डा माझ्या लक्षात आला नाही. गाडी दणकन आपटली.

"बाला," बाबा म्हणाले, "हलू."

मी आरशात बघितलं. ते नक्की कुणाशी बोलले ते कळायला मार्ग नव्हता, ते बाहेर खाडीकडे बघत होते. त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. आणि आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "व्हय बाबा."